शांघायमध्ये बस्तान बसवताना : पहिला महिना

नोकरीसाठी शांघायला गेलेल्या माणसाची पहिल्या महिन्यात जी ओढाताण होते, ती बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्यामुळे होते. तिथे प्रत्येक कामाला दुसऱ्या कामाचा कागद लागतो. बँकेला चिनी मोबाइल नंबर हवा, नंबरला पासपोर्ट, रहिवासी परवान्याला पोलिसांकडची राहत्या पत्त्याची नोंद आणि त्या नोंदीला घराचा करार. त्यामुळे कामं त्याच क्रमाने उरकावीत.

सुरुवात भारतातच करायची. गूगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब चिनी नेटवर्कवर उघडत नाहीत. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर चालतात, कारण डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमार्गे जातो. म्हणून भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करूनच निघा. बँकेचे ओटीपीही त्यावरच येणार आहेत. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून चालू केलाय ना, तेही बघा. वीचॅट या निरोपांच्या आणि पैसे भरण्याच्या चिनी अॅपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, आणि चीनमध्ये त्याशिवाय पान हलत नाही. तिथे पोचल्यावर आयफोनवाल्यांना अॅप स्टोअरचा देश बदलावा लागतो. अँड्रॉइडवाल्यांनी वीचॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं, कारण प्ले स्टोअरही तिथे उघडत नाही. नवीन खातं उघडताना बहुधा जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो. ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

उतरल्यावर पहिलं काम सिमचं. पासपोर्ट घेऊन चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉमच्या दुकानात जायचं. नंबर तुमच्याच नावावर हवा. सहकाऱ्याच्या नावावरचं सिम वापरलं तर बँकेत काम अडतं.

पोलीस नोंदीत हयगय नको. हॉटेलात उतरलात तर ती हॉटेलच करतं. भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे राहायला गेलात की २४ तासांच्या आत नोंद तुमची तुम्हाला करावी लागते. चुकली तर ताकीद मिळते आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. शांघायमध्ये ती ऑनलाइन होते, नाहीतर वस्तीतल्या पोलीस चौकीत, म्हणजे पाय-छू-स्वोमध्ये. पासपोर्ट, भाडेकरार, घराच्या मालकी हक्काच्या कागदाची प्रत आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. काही घरमालक ही नोंद करू द्यायला नाखूश असतात, म्हणून अनामत देण्याआधीच स्पष्ट विचारा. घर बदललं, पासपोर्ट नवा आला किंवा परवाना बदलला की पुन्हा नोंद करायची.

झेड व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आलेल्यांनी ३० दिवसांच्या आत रहिवासी परवान्याचा अर्ज करायचा असतो. पासपोर्ट तपासणीसाठी जमा होतो आणि पावती मिळते. त्या काळात परदेशी जाता येत नाही. घरी लग्नकार्य असेल तर तारीख आधी जुळवून बघा.

घराच्या बाबतीत लोक सर्वात जास्त फसतात ते पैशांच्या हिशोबात. पद्धत आहे 'या यी फू सान' : एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. दलाली साधारण महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के. ८,००० युआन भाड्याच्या घरासाठी ३२,००० अधिक २,८०० म्हणजे ३४,८०० युआन करार होताना हवेत. पगार मात्र महिनाअखेर. अलीपे (पैसे भरण्याचं दुसरं चिनी अॅप) किंवा वीचॅटला परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, पण त्यातून एखाद्या व्यक्तीला पैसे पाठवता येत नाहीत, म्हणजे घरमालकाला भाडं देता येत नाही. ही रक्कम कंपनीकडून उचल म्हणून मागून घ्या. दुकानातल्या किरकोळ खर्चाला मात्र परदेशी कार्ड चांगलं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के.

घर बघताना कपाट भिंतीपासून थोडं ओढून मागे बघा. काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर ते घर सोडा. जूनच्या मध्यापासून साधारण महिनाभर 'मेयू' नावाचा चिवट पाऊस असतो आणि कपडे, चपला, मसाल्याचे डबे सगळ्यांना बुरशी धरते. शांघाय ह्वाय नदीच्या दक्षिणेला असल्याने उत्तरेकडच्या शहरांसारखी घरं गरम ठेवण्याची केंद्रीय सोय इमारतींना नसते. जानेवारीत एसीची उष्ण हवा हाच आधार, म्हणून प्रत्येक खोलीतला एसी गरम मोडवर लावून तपासा.

बँकेत मराठी माणसाची खास अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात, स्वतःच्या नावाला जोडून असतं. एका ठिकाणी 'पाटील सचिन वसंत' नोंदतात, दुसरीकडे 'सचिन वसंत पाटील', तिसरीकडे मधली मोकळी जागाच गाळतात. मग वीचॅटला बँक कार्ड जोडताना नाव जुळत नाही असा संदेश येतो आणि कारण कळत नाही. खातं उघडतानाच काउंटरवर नोंदलेलं नाव छापून मागा, फोटो काढा आणि प्रत्येक अॅपमध्ये अक्षरं, क्रम, मोकळी जागा हुबेहूब तशीच टाका. करविषयक फॉर्ममध्ये भारतीय करक्रमांक विचारतात; पॅन कार्ड सोबत ठेवा. पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो. तेव्हा बँक, सिम आणि अॅप तिन्हीकडे कळवा आणि जुना पासपोर्ट टाकून देऊ नका.

फिरायला मेट्रो उत्तम, पहिल्या ६ किलोमीटरला ३ युआन. घराचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा.

स्वयंपाकघराची तयारी बेताने करा. मिक्सर चालतो, वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्ट, फक्त तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागतो. शेगडी इंडक्शनची असेल तर अॅल्युमिनियमचा साधा कुकर निरुपयोगी. शेंगदाणे, तीळ, आलं, कोथिंबीर, हिरवे मूग सहज मिळतात. साधं गव्हाचं पीठ मैद्यासारखं असतं. पोळ्यांसाठी 'छ्वॅन माय' म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ शोधा आणि कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. गोडा मसाला नेत असाल तर खसखस न घालता करून घ्या. तिथे खाण्यासाठी तिच्या विक्रीवर बंदी आहे. शाकाहारी असाल तर 'वो ची सू' म्हणून थांबू नका, चरबी आणि मांसाचा रस्सा नको हेही लिहून दाखवा, कारण भाजी डुकराच्या चरबीत परतणं तिथे सर्रास चालतं.

कचरा १ जुलै २०१९ पासून चार भागांत वेगळा करावा लागतो : ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. ओला कचरा पिशवीसकट टाकायचा नाही. पिशवी रिकामी करून ती सुक्यात टाकायची. चहाचा चोथा आणि शेंगांची टरफलं ओल्यात जातात, नारळाची करवंटी मात्र सुक्यात.