सोयाबीनला टॉनिक लागू पडतं का, यंदा शेतातच तपासा

पेरणी तोंडावर आलीय. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका हे तर दरवर्षीचंच, पण यंदा पेरतानाच अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा. फुलोऱ्यात मारायचं टॉनिक दुकानदार गळ्यात मारणारच, एकरी दोन क्विंटल वाढ फिक्स म्हणून. मग आपण काय करतो, अर्ध्या रानात मारतो, अर्ध्यात नाही, आणि शेवटी पोती मोजतो. पण बांधाकडची जमीन हलकी, खालच्या अंगाला पाणी साचतं, मग फरक टॉनिकचा का जमिनीचा हे कोण सांगणार?

त्यापेक्षा रानात वेगवेगळ्या 6 ठिकाणी जोड्या आखा. एका जोडीत शेजारी-शेजारी दोन तुकडे, 33 बाय 33 फूट म्हणजे बरोबर एक गुंठा, जात, बियाणं, पेरणीची तारीख सगळं सेम. टॉनिक कुठल्या तुकड्यात ते नाणं उडवून ठरवा, नाहीतर हात आपोआप चांगल्या पिकाकडं जातो. दुसऱ्या तुकड्यात नुसतं पाणी फवारा. फवारा उडतो म्हणून मधे चार-पाच ओळी सोडा. काढणी एकाच दिवशी, मळणी वेगवेगळी, आणि माल सारखा वाळवूनच काट्यावर ठेवा, ओलाव्यानं सगळा हिशोब बिघडतो. एकाच मोठ्या तुकड्यातली 6 पोती मोजली म्हणजे 6 जोड्या झाल्या असं मात्र नाही हां.

आता हिशोब. समजा टॉनिकवाल्या तुकड्यात जास्त निघालेले किलो असे आले: 3, 1, 4, -1, 2, 3. सरासरी 2 किलो. दुसऱ्या कुणाचे आले 8, -4, 7, -3, 5, -1, त्याचीही सरासरी 2च! पण याच्यावर विश्वास ठेवाल का? म्हणून सरासरीला चढउताराच्या मापानं भागायचं, त्याला टी म्हणतात. 6 जोड्यांना टी 2.57 च्या वर हवा. पहिल्याचा येतो 2.74, दुसऱ्याचा जेमतेम 0.93, म्हणजे दुसऱ्याच्या रानात जे दिसलं ते नशिबानंही होऊ शकतं. (ही रीत 1908 ला गॉसेट नावाच्या माणसानं छापली, डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत होता, नाव मात्र 'स्टुडंट' असं लावलं.)

हातानं करायची गरज नाही. मोबाईलवर एक्सेलमधे दोन कॉलम भरा, टीटेस्ट फॉर्म्युला लावा, शेवटी 2 आणि 1 टाका (1 म्हणजे जोड्या), उत्तर (हा टी नव्हे, टॉनिकचा काहीच फरक नसताना नुसत्या नशिबानं एवढा फरक दिसायची शक्यता) 0.05 पेक्षा कमी आलं तर फरक धरायला हरकत नाही.

तरी लगेच बाटल्या आणायला पळू नका. गुंठ्याला 2 किलो म्हणजे एकरी 80 किलो, त्याचे बाजारभावानं पैसे काढा, बाटली न फवारणीची मजुरी वजा करा, हातात काय उरतं ते बघा. आणि पाऊसमान दरवर्षी वेगळं, त्यामुळं पुढच्या खरिपात जोड्या परत आखा, जमलं तर 8 घ्या.