कार्ड कंपनीचं, पण नाव कुणाचं?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा हातात २६ हजार पगार यायचा. सहाव्या महिन्यात एचआरनं बोलावून एक लिफाफा दिला. आत टूरवरच्या खर्चासाठीचं चार्ज कार्ड होतं, वर कंपनीचं नाव आणि खाली माझं. मला फार आनंद झाला होता. घरी नेऊन आईला दाखवलं. सोबतच्या चार पानी अर्जावर मात्र मी काउंटरपाशी उभ्या उभ्याच सही केली होती. एक ओळही वाचली नव्हती.

आता मी बुटीबोरीत दुसरीकडे आहे. दर वर्षी नवी मुलं-मुली टूरवर जायला लागतात, कार्ड मिळतं आणि कोणीतरी हळूच विचारतं, "ताई, कंपनीनं वेळेवर पैसे नाही दिले तर?" हा प्रश्न विचारताना अनेकांना वाटतं की आपण कंपनीवर अविश्वास दाखवतोय. तसं काही नाही. विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे.

आधी एक फरक नीट समजून घ्या. साध्या क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरून उरलेली व्याजासकट पुढे नेता येते. चार्ज कार्डावर तशी सोय नसते. महिन्याचं सगळं बिल ठरलेल्या तारखेला एकरकमी भरायचं असतं. ते भरायची जबाबदारी कुणाची, हे अर्जात लिहिलेलं असतं. कधी ती पूर्णपणे कंपनीची असते, कधी कर्मचाऱ्याची, तर कधी दोघांची मिळून. तिसऱ्या प्रकारात कंपनीनं पैसे थकवले की बँक तुमच्याही मागे लागू शकते. कार्डावर कंपनीचं नाव छापलंय म्हणून कर्ज कंपनीचं, असं धरून चालू नका.

माझं कार्ड दुसऱ्या प्रकारातलं, म्हणजे कर्मचाऱ्याच्या जबाबदारीचं होतं. मला ते कळलं २०१९ च्या उन्हाळ्यात. चंद्रपूरच्या वीज केंद्रात शटडाउनचं काम होतं. तिथून परस्पर वणीच्या खाणीवर आणि मग रायपूरला जावं लागलं. अकरा दिवस लॉज, टॅक्सी, जेवणखाण, एक सुटा भाग तातडीनं मागवला त्याचे पैसे, असं मिळून बिल झालं ४३ हजार. म्हणजे माझ्या दीड पगाराहून जास्त. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी क्लेम टाकला. मॅनेजर लग्नासाठी सुटीवर, त्यामुळे अप्रूव्हल दहा दिवस अडलं. मग अकाउंट्सनं तीन बिलं परत पाठवली, कारण त्यांवर कंपनीचा जीएसटी नंबर नव्हता. तोवर कार्डाचं बिल भरायची तारीख उलटून गेली होती आणि बँकेचे फोन मला येत होते, कंपनीला नाही.

मी अकाउंट्समधल्या दादांकडे गेले. ते माणूस म्हणून चांगले होते. म्हणाले, "पोरी, सही तुयी हाये, तं बँक तुलेच विचारन ना. मी इथून काय करू?" शेवटी बाबांनी त्यांच्या बचतीतून पैसे भरले. कंपनीचे पैसे त्यानंतर तीन आठवड्यांनी आले. बँकेला भरलेला उशिराचा दंड मात्र कंपनीनं दिलाच नाही, कारण पॉलिसीत तो परत द्यायची तरतूद नव्हती. मला राग आला होता आणि तो आजही आहे. कामासाठी केलेला खर्च २६ हजार पगाराच्या माणसानं महिनाभर स्वतःच्या खिशातून सोसावा, हे चूक आहे.

पुढे बेसा भागात फ्लॅटसाठी कर्ज घ्यायला गेले, तर माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज आणि कार्डाची बिलं वेळेवर भरली का याच्या नोंदीत, तो उशीर नोंदलेला. कंपनीकडून खुलाशाचं पत्र आणून दिलं, कर्ज मिळालं, पण दीड महिना गेला. म्हणून सांगते, वर्षातून एकदा आपला रिपोर्ट बघा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बिलाची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच कार्ड कंपनी खातं थकीत म्हणून कळवू शकते आणि दंड लावू शकते. ते तीन दिवस अडचणीसाठी आहेत, सवयीसाठी नाहीत.

तेव्हा कार्ड घेण्याआधी एचआरला मेल करा. तोंडी विचारू नका. बिलाची जबाबदारी कुणाची, क्लेम किती दिवसांत मिळतो, मॅनेजर रजेवर असेल तर मंजुरी कोण देणार आणि उशीर कंपनीकडून झाला तर दंड कोण भरणार? एवढी चार उत्तरं लेखी हवीत. जबाबदारी तुमच्यावर येत असेल, तर लांबच्या टूरसाठी ॲडव्हान्स मागा. तो मागणं हा तुमचा हक्क आहे असं समजूनच मागा.

बिलांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण क्लेम बहुतेक वेळा इथेच अडकतो. महाराष्ट्रातल्या हॉटेलात रूम घेतानाच कंपनीचं नाव आणि २७ नं सुरू होणारा जीएसटी नंबर सांगा. चेक-आउटच्या घाईत बिल बदलून मिळत नाही. रायपूर किंवा छिंदवाड्याच्या हॉटेलचं वेगळं. तिथलं हॉटेल त्यांच्या राज्याचा जीएसटी लावतं, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करायची सोय, तिला मिळतच नाही. त्यामुळे तेवढ्या कारणावरून कोणी बिल परत पाठवलं, तर हे शांतपणे समजावून सांगा. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीत येतच नाही. गडचिरोलीकडच्या लहान लॉजवर, ढाब्यावर कार्ड चालत नाही. तिथे स्वतःच्या यूपीआयनं पैसे द्या, हातानं लिहिलेली का होईना पावती घ्या आणि त्याच रात्री फोटो काढून ठेवा. मशीनमधून निघणाऱ्या थर्मल पेपरच्या पावतीवरचा मजकूर उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की वाचता येईनासा होतो.

कार्डानं एटीएममधून रोख काढू नका. स्वतःची खरेदी, अगदी लगेच परत करणार असाल तरी, त्यावर करू नका. कार्ड हरवलं तर आधी बँकेला कळवा, मग मॅनेजरला.

नोकरी सोडताना मी कार्ड कापून एचआरच्या हाती दिलं आणि विषय संपला असं समजले. तीन महिन्यांनी त्यावर ८०० रुपयांचं बिल आलं. ऑफिसच्या गाडीचा फास्टॅग त्याच कार्डाला जोडलेला होता आणि रिचार्ज आपोआप होत होता. मग मी स्वतः बँकेला कार्ड बंद करायची लेखी विनंती पाठवली. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिला ग्राहकाला द्यावे लागतात. ८०० रुपये आधी भरले. पाचव्या दिवशी कार्ड बंद झाल्याचा मेल आला. त्याचा प्रिंट माझ्या रिलीव्हिंग लेटरच्या फायलीत अजून आहे.