वर्कशॉपवाल्याने ओळखी कशा जोडाव्यात: भोसरीच्या गाळ्यातून

पाच-सहा मशिनांचं जॉबवर्कचं (दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट करून देण्याचं) वर्कशॉप चालवणाऱ्याला ‘ओळखी वाढवा’ असं सगळेच सांगतात. कुणाशी, आणि ओळख झाल्यावर पुढे काय, हे कुणी सांगत नाही. मग प्रदर्शनातून ऐंशी कार्डं गोळा होतात, त्यांना रबर बँड लागतो, गठ्ठा ड्रॉवरमध्ये जातो आणि पुढच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी धुळीसकट बाहेर निघतो.

पहिली चूक दिशेची असते. सगळ्यांचं लक्ष वर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याकडे. त्याच्या टेबलावर तुमच्यासारख्या पन्नास वर्कशॉपांची प्रोफाइलं पडलेली असतात. नवं काम बऱ्याचदा आडवं येतं: शेजारच्या गाळ्यात लोड जास्त झाला, कुणाच्या मशिनचा स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) गेला, कुणाचा बेड (जॉब बसवायचं टेबल) लहान पडला. आणि ही बातमी सगळ्यांत आधी कळते ती प्लेटिंगवाल्याला, हीट ट्रीटमेंटवाल्याला, इन्सर्ट (टूलच्या टोकाची कापणारी पाती) विकणाऱ्या पोराला आणि टेम्पोवाल्याला. ही माणसं दिवसभर वेगवेगळ्या गेटांवर असतात. कुणाची मशिनं रिकामी आहेत आणि कुणाचा माल वेळेत निघत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

यामागचं कारण समाजशास्त्रात नोंदलेलं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ज्याने सांगितलं तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? ‘नेहमी’ म्हणणारे १७ टक्क्यांच्या आत होते, ‘अधूनमधून’ म्हणणारे सुमारे ५६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे सुमारे २८ टक्के. रोजच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. अधूनमधून भेटणारा दुसऱ्या गोटातली खबर आणतो. गाळ्यांच्या जगाला हे तंतोतंत लागू पडतं.

म्हणून एक वही करा (फोनमधली यादी चालेल, पण वही जास्त उघडली जाते) आणि तीस नावं लिहा. त्यात दहा वर्कशॉपवाले, ज्यांतले निदान पाच तुमच्याकडे नसलेलं काम करणारे: ग्राइंडिंग, वायरकट, फॅब्रिकेशन. सहा जण प्रोसेसवाले, म्हणजे प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट वगैरे करणारे. चार जण मटेरियल, टूल आणि मशिन सर्व्हिसचे. सहा जण ग्राहकाच्या बाजूचे, आणि इथे फक्त खरेदीचा माणूस नको, क्वालिटी आणि स्टोअरचाही हवा. रिजेक्शन आलं की पहिला फोन क्वालिटीवाल्याचाच येतो. उरलेले चार म्हणजे सीए, बँकेतला कर्ज पाहणारा, आयटीआयचा एखादा शिक्षक (पोरं तिथूनच मिळतात) आणि वाहतूकवाला. रोज एकाला फोन केला तर सव्वा महिन्यात फेरी पूर्ण होते. भोसरीत सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बुधवारी दुपारी डिस्पॅचच्या घाईत कुणाला गाठू नका.

आता स्वतःची ओळख. ‘आम्ही सगळं करतो’ हे वाक्य कायमचं बंद करा. सगळं करणारा कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्याऐवजी असं बोला (व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं, संगणकावर चालणारं मिलिंग मशिन):

‘चार व्हीएमसी आहेत, मोठा बेड १००० बाय ५००. ॲल्युमिनियमची हाउसिंग करतो, ५० ते ५०० च्या लॉटमध्ये. २० मायक्रॉनपर्यंत सांभाळतो, त्याखालचं घेत नाही.’

आकडे अर्थातच तुमचे टाका. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत जास्त काम करतं. काय घेत नाही हे स्वतःहून सांगणाऱ्यावर समोरचा बाकीच्या बाबतीतही विश्वास ठेवतो, शिवाय तुमचं काम नेमकं कोणतं ते त्याला पक्कं कळतं. तसं ड्रॉइंग हातात पडलं की तुमचं नाव आठवतं.

प्रदर्शन बेंगळुरूचं इमटेक्स असो की चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधलं, एक गोष्ट विसरली जाते: स्टॉलवर उभा असलेला माणूस विकायला आलेला असतो, विकत घ्यायला नाही. त्याच्या हातात तुमचा कॅटलॉग कोंबला तर तो हसून घेईल आणि संध्याकाळी कचऱ्यात टाकेल. आधी त्याच्या वस्तूबद्दल खरा प्रश्न विचारा, मग सहज:

‘ही बॉडी तुम्ही आत मशिन करता की बाहेर देता?’
‘बाहेरच जाते, चाकणला.’
‘सोर्सिंग कोण बघतं? एकदा त्यांच्याशी बोललो तर चालेल ना? तुमचं नाव सांगू का?’

शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय कुणाचंही नाव वापरू नका. पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटनाची धावपळ असते आणि शेवटच्या दुपारी खोकी बांधायला लागलेली असतात. मधल्या दिवशी दार उघडल्यापासूनचा पहिला तास सोन्यासारखा. दिवसाला आठ-दहा धड संवाद झाले तर पुष्कळ झाले. स्टॉलवरून बाजूला होताच कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: तारीख, काय बोलणं झालं, आपण काय पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत थांबलात तर सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

मग दोन दिवसांच्या आत निरोप. कॅटलॉगची पीडीएफ नको, एवढंच (बोअरची ओव्हॅलिटी म्हणजे भोक नीट गोल न येणं, क्लॅम्पिंग म्हणजे जॉब आवळणं, फिक्स्चर म्हणजे जॉब पकडून ठेवायची चौकट):

‘नमस्कार साहेब. मंगळवारी स्टॉलवर पंपाच्या बॉडीबद्दल बोललो होतो. बोअरच्या ओव्हॅलिटीचा प्रश्न म्हणालात, तो बऱ्याचदा क्लॅम्पिंगमुळे येतो. आम्ही अशा जॉबला वापरतो त्या फिक्स्चरचा फोटो सोबत आहे. घाई नाही, सवडीने बघा.’

फोटोत दुसऱ्या ग्राहकाचा पार्ट किंवा ड्रॉइंग दिसत नाही ना, हे दोनदा तपासा. दिसलं तर बघणाऱ्याला कळतं की उद्या त्याचंही ड्रॉइंग असंच फिरेल. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा विचारा, मग तीन महिन्यांनी. रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात आणि मग त्याचा कामाचा निरोपही दिसत नाही.

मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाराची संघटना १९३४ पासून पुण्यात आहे. तिथले कार्यक्रम तांत्रिक विषयांचे असले तर जरूर जा. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी असं धोरण आहे, म्हणून त्यांच्या व्हेंडर डेव्हलपमेंटच्या बैठकांना उद्यम नोंदणीची (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदीची) प्रत खिशात ठेवून जावं. बीएनआयसारखे दर आठवड्याला भेटणारे, एका धंद्याचा एकच सदस्य घेणारे गट सीए, प्रिंटर, इंटिरियरवाले यांना जास्त फळतात. जॉबवर्कवाल्याने वर्गणी भरण्याआधी पाहुणा म्हणून जाऊन खोलीत किती जणांकडे ड्रॉइंग असतं ते मोजावं.

नाती मात्र टिकतात ती देण्याघेण्याच्या रीतीवर, आणि बहुतेक ती इथेच तुटतात. शेजाऱ्याने ओव्हरफ्लोचं (त्याला न झेपणारं जादा) काम दिलं तर त्याच्या ग्राहकाशी थेट बोलायचं नाही. ‘याने माझी पार्टी फोडली’ ही बातमी आख्ख्या ब्लॉकमध्ये फिरायला एक चहा पुरतो. ग्राहकानेच थेट फोन केला तर त्याच दिवशी शेजाऱ्याला सांगा. तुम्ही कुणाचं नाव सुचवणार असाल तर आधी त्याला विचारा: मशिन मोकळं आहे का, सॅम्पल किती दिवसांत देशील? त्याचा माल उशिरा गेला तर शब्द तुमचा गेलेला असतो. ज्याच्या गाळ्यात तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही, त्याची शिफारस करू नका. ‘नुसती ओळख आहे, कामाची खात्री देता येत नाही’ एवढं सांगून नंबर द्या.

लहान माणसाचे पैसे वेळेत द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं, असा कायदाच आहे. पण प्लेटिंगवाल्याचं बिल आठवड्यात देणाऱ्याचा माल रांगेत पुढे लागतो, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

दिवाळीला खरेदीवाल्याच्या घरी भेटवस्तू पाठवू नका. कित्येक कंपन्यांत ती घेणं नियमाबाहेर असतं आणि तुमच्यामुळे तो अडचणीत येतो. खंडेनवमीला मशिनांची पूजा होतेच. त्या दिवशी गाळा धुतलेला, मशिनं पुसलेली, हार घातलेला असतो. तीसही जणांना प्रसादाला बोलवा, ग्राहकाकडच्यांनाही. दहा मिनिटांत माणूस तुमची मशिनं, मोजमापाची साधनं आणि पोरांची शिस्त बघून जातो. वर त्याच खोलीत वायरकटवाला आणि पंपवाला एकमेकांना भेटतात, ते तुमच्या नावे जमा होतं.

खरेदीतली माणसं नोकऱ्या बदलतात. जुन्या कंपनीतून गेलेल्याला फोन करायचं जवळपास सगळे थांबवतात, तुम्ही थांबवू नका. लिंक्डइनचा खरा उपयोग इथे आहे, कोण कुठे गेला ते कळतं. अभिनंदन करा, पण पहिले तीन महिने काम मागू नका. नव्या ठिकाणी व्हेंडर कोड उघडणं, म्हणजे नवा पुरवठादार नोंदवणं, त्याच्या हातात अजून आलेलं नसतं, आणि मागितलं की त्याला ‘नाही’ म्हणावं लागतं.

सहा महिन्यांनी वही चाळा. तीनदा फोन करूनही ज्याने कधी परत केला नाही त्याचं नाव मागच्या पानावर न्या आणि रिकाम्या जागी नवं लिहा. नंबर मात्र फोनमधून काढू नका. दोन वर्षांनी त्याचं मशिन बंद पडलं आणि त्याने तुम्हाला फोन लावला, तर ‘हॅलो, कोण?’ असं विचारायची वेळ यायला नको.