प्लाक आणि टँगल एकत्र कसे वाचावेत

अल्झायमर झालेल्या मेंदूत दोन प्रोटीन साचतात: पेशींबाहेर अमायलॉइडचे गोळे, म्हणजे प्लाक, आणि पेशींच्या आत टाऊचे गुंते, म्हणजे टँगल. माझ्याकडे शिकायला आलेला जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. अमायलॉइडची स्लाइड लावतो, प्लाक मोजतो, लिहितो. मग टाऊची स्लाइड लावतो, टँगल मोजतो, लिहितो. दोन रकाने भरले की काम संपलं. पण या दोन प्रोटीनचं आपसात काय चाललंय, ते त्या रकान्यांत दिसत नाही. मी न्यूरोपॅथॉलॉजीत, म्हणजे मेंदूच्या ऊतींवरून आजार ओळखण्याच्या शाखेत, वीस वर्षं स्लाइड बघते आहे, आणि माझी पद्धत अशी आहे.

आधी ब्लॉक, म्हणजे मेंदूचे मेणात बसवलेले तुकडे, नीट निवडा. हिप्पोकॅम्पस (स्मरणशक्तीचा भाग) आणि त्याच्या शेजारचा एंटोरायनल कॉर्टेक्स (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर), टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, लोबचा बाहेरचा भाग, फ्रंटल, आणि मागचा दृष्टीचा भाग, एवढे तरी हवेतच. कारण ही दोघं एका जागी सुरू होत नाहीत. अमायलॉइड आधी बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये साचतं, मग हिप्पोकॅम्पसकडे, त्यानंतर खोलवरच्या पेशीसमूहांत आणि अगदी शेवटी सेरेबेलममध्ये, म्हणजे लहान मेंदूत, पोचतं. टाऊची वाट जवळजवळ उलटी: एंटोरायनल भागातून हिप्पोकॅम्पस आणि तिथून बाहेर. हायको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ साली टाऊच्या प्रवासाचे सहा टप्पे मांडले, ते आम्ही आजही रिपोर्टात लिहितो.

आता खरी युक्ती. टेम्पोरलच्या ब्लॉकमधून लागोपाठचे दोन कट घ्या, साधारण पाच मायक्रॉनचे. एकावर अमायलॉइडची अँटिबॉडी (नेमकं तेच प्रोटीन पकडून दाखवणारा पदार्थ), दुसऱ्यावर एटी-८, म्हणजे फॉस्फेट चिकटलेला टाऊ पकडणारी. प्लाक सहसा कटाच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे तोच प्लाक दोन्ही स्लाइडवर सापडतो. शोधायला रक्तवाहिनीची खूण धरा. वाकडीतिकडी, सहज ओळखू येईल अशी एखादी निवडायची आणि तिच्यापासून मोजत जायचं.

अमायलॉइडच्या कटाला आधी फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये काही मिनिटं ठेवायला विसरू नका, आणि ते फ्यूम हुडखालीच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच, करा. सुरुवातीच्या काळात मी घाईत ही पायरी गाळली, स्लाइड फिकट आली, आणि मी ‘प्लाक तुरळक’ असं लिहून मोकळी झाले. सरांनी काही न बोलता सिल्व्हर स्टेनची, म्हणजे चांदीच्या क्षाराने प्लाक-टँगल काळे करून दाखवणाऱ्या रंगाची, स्लाइड माझ्यापुढे सरकवली. काळ्या ठिपक्यांनी नुसती भरलेली होती. तेव्हापासून दोन स्टेनचं पटत नसेल, तर मी आधी रसायनांच्या बाटल्या तपासते.

दहाच्या भिंगाखाली प्लाक हेरा, मग चाळीसवर जा. काही प्लाक विरलेल्या शाईसारखे असतात, मध्ये गाभा नाही, कडा अस्पष्ट. शेजारच्या एटी-८ कटावर तीच जागा बघा. बहुतेक वेळा तिथे काहीही नसतं. असे पसरट प्लाक स्मरणशक्ती शाबूत असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतही ढिगाने सापडतात, म्हणून नुसत्या त्यांच्या संख्येवर घाबरू नका.

मग गाभा असलेला प्लाक घ्या. एटी-८ वर त्याच्या भोवती तपकिरी, सुजलेल्या, पिळवटलेल्या तंतूंचं कडं दिसेल. हे चेतापेशींचे फाटे आहेत, आत टाऊ ठासून भरलेला. हाच न्यूरिटिक प्लाक. प्लाक पेशीबाहेर, टँगल पेशीच्या आत, असं आपण पाठ केलेलं असतं. इथे दोन्ही एका चौकटीत दिसतात. या जागेवर वेळ घालवा. अमायलॉइडच्या सान्निध्यात फाटे बिघडतात, आणि बिघडलेल्या फाट्यांत टाऊला गोळा व्हायला जागा मिळते. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, प्लाकभोवती कुंपण घालतात. ते विरळ पडलं की फाट्यांची दुर्दशा वाढते.

आता एंटोरायनलची स्लाइड. पेशींत ज्वालेच्या आकाराचे टँगल, आणि अमायलॉइड शून्य, असं दिसलं तर गोंधळू नका. वयाबरोबर हे खूप जणांत होतं. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. टाऊ वाजवतो, पण हळू आणि बहुधा त्याच कोपऱ्यात. कॉर्टेक्समध्ये अमायलॉइड साचलेलं असलं की मात्र तो कोपरा सोडून बाहेर पसरतो. म्हणूनच दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून वाचायचे.

‘आधी कोण?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. मी जनुकांकडे बोट दाखवते. अमायलॉइड बनवणाऱ्या जनुकांत काही विशिष्ट दोष असले तर प्लाक आणि टँगल दोन्ही येतात. टाऊच्या जनुकातल्या दोषांनी वेगळाच डिमेन्शिया होतो. त्यात टाऊ साचतो, पण प्लाक येत नाहीत. म्हणजे ढकलणारं अमायलॉइड. पण मारणारा कोण? २००७ मध्ये अमायलॉइड साचणाऱ्या उंदरांतला टाऊ कमी करून पाहिला, तर प्लाक तेवढेच राहिले आणि स्मरणशक्तीची हानी टळली. माणसांतही विस्मरणाची तीव्रता टँगलच्या पसाऱ्याशी जास्त जुळते, प्लाकच्या संख्येशी कमी. अमायलॉइड काढणाऱ्या डोनानेमॅब या औषधाचा फायदा टाऊ कमी पसरलेल्यांना जास्त झाला, ते याच हिशेबात बसतं.

एक सावधगिरी. पेशी मेली तरी तिचा टँगल तसाच उरतो, केंद्रक नसलेला, भुतासारखा. एटी-८ वर तो फिका दिसतो, कधी दिसतच नाही. खूप पुढे गेलेल्या मेंदूत हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ पट्ट्यात एटी-८ अपेक्षेपेक्षा कमी वाटला तर खुश होऊ नका, सिल्व्हर स्टेन करा.

रिपोर्ट लिहिताना अमायलॉइडचा टप्पा, ब्राकचा टप्पा आणि न्यूरिटिक प्लाकची दाटी, या तिन्ही गोष्टी एका ओळीत लिहा. तिसरी हवीच, कारण दोघांची गाठ नेमकी तिथे पडलेली असते. आणि अमिग्डालाचा एक ब्लॉक बाजूला काढून ठेवा. अल्फा-सायन्युक्लीन आणि टीडीपी-४३ ही मेंदूत साचणारी आणखी दोन प्रोटीन अनेकदा तिथेच लपलेले सापडतात, आणि त्यांना न शोधता सगळं खापर या दोघांवर फोडलं, तर सही करायला मी तयार नसते.