गाडीचा सेल्फ उचलत नाही? पाना हातात घेण्याआधी कान द्या

तीन वर्षांपूर्वी मी एक धडधाकट सेल्फ काढून भंगारात दिला. पावसाळ्याचे दिवस होते आणि गाडी रत्नागिरीत घरासमोर उघड्यावर उभी असायची. सकाळी चावी फिरवली की कधी इंजिन झटक्यात लागायचं, कधी नुसतंच 'टक्' होऊन गप्प बसायचं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, एकदा सेल्फ मारून बघितला आणि निकाल दिला, "सेल्फ गेलाय साहेब, नवीन टाकावा लागेल." टाकला. आठ दिवस बरे गेले आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच 'टक्'. तेव्हा चिडून एक मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) विकत आणला. त्याने काय दाखवलं ते पुढे येईलच, पण सेल्फ निर्दोष होता एवढं आताच सांगतो.

सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, खरंच खराब होतो. पण ज्या तक्रारींवर त्याचं नाव लागतं त्यातल्या कितीतरी बॅटरीच्या, टर्मिनलच्या किंवा अर्थच्या (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडी-इंजिनशी जोडणाऱ्या वायरीच्या) असतात. म्हणून तपास स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरू करून सेल्फपर्यंत शेवटी जायचं.

सेल्फ नेमकं काय करतो

१९१२ साली कॅडिलॅक गाड्यांमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. तोवर पुढून हँडल मारून इंजिन फिरवावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडरवाल्यांना डिकीतलं ते हँडल आठवत असेल.

आता हँडलचं काम मोटर करते. चावी स्टार्टवर नेली की एका बारीक वायरीतून करंट सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेली छोटी नळकांडी. तो एकाच झटक्यात दोन कामं करतो. एक दांडा ओढून पिनियन (गॅरेजमध्ये त्याला सरसकट बेंडिक्स म्हणतात) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये अडकवतो आणि आतले तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतो. हे संपर्क जुळले की बॅटरीच्या जाड केबलमधला करंट थेट मोटरमध्ये शिरतो. इंजिन लागलं आणि चावी सोडली की स्प्रिंग पिनियनला मागे खेचते.

लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १०० ते २०० अँपिअर करंट ओढतो, डिझेलचा याहून बराच जास्त. साधे दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात. "दिवे तर लागतायत, मग बॅटरी चांगलीच आहे" हे म्हणणं म्हणूनच खरं नाही.

पायरी १: ऐका

गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, एसी, पंखा आणि रेडिओ बंद करा. कुणाला तरी चावी फिरवायला बसवा आणि तुम्ही बॉनेटपाशी उभे राहा. ओढणी, टाय, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा.

भराभर *टक-टक-टक-टक* असा आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. सोलेनॉइड ओढतो, मोटरचा भार येताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढतो. हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो. अशा वेळी सेल्फला हातही लावू नका.

एकच ठसठशीत *टक्* आणि मग शांतता, ही सगळ्यात फसवी खूण. सोलेनॉइड चालला पण मोटर फिरली नाही. आतले संपर्क जळालेत, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत, पिनियन रिंगमध्ये अडकलाय, किंवा जाड केबल वा अर्थ कुजलाय. माझी गाडी हेच करत होती.

अजिबात आवाज नसेल तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर पी ऐवजी एन वर घेऊन बघा. मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच्या पेडलला स्विच असतो आणि पायाखालची रबरी चटई सरकून पेडल तळाला टेकत नाही. चटईपायी टो करून नेलेली गाडी मी पाहिली आहे.

*घुंईंईं* असं हवेत फिरल्यासारखं ऐकू येतं पण इंजिन हलत नाही? पिनियन रिंगला लागत नाही किंवा त्यातला एकदिशी क्लच घसरतोय. इथे दोष बहुधा सेल्फचाच. *खर्रर्र* असा दात खाल्ल्याचा आवाज आला तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. पिनियनचे दात स्वस्त आहेत, फ्लायव्हीलच्या रिंगचे महाग, कारण रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

इंजिन कण्हत कण्हत, दमल्यासारखं फिरलं तर आधी बॅटरी, मग केबल, मग सेल्फचे बुश (ज्यात त्याचा दांडा फिरतो त्या कड्या). आणि इंजिन जोमात फिरतंय पण लागत नाही, तर सेल्फने त्याचं काम चोख केलेलं आहे. पेट्रोल, स्पार्क किंवा चावीच्या इमोबिलायझरकडे (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेकडे) बघा.

एक प्रकार मात्र तातडीचा. चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर रिले (बारीक करंटवर चालणारा स्विच) किंवा सोलेनॉइडचे संपर्क चिकटले आहेत. लगेच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. केबल तापून पेट घेऊ शकते.

पायरी २: दिव्यांची परीक्षा

हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले किंवा विझले तर बॅटरीत दम नाही, तिच्या टर्मिनलात दोष आहे, किंवा मोटर जाम होऊन करंट गिळतेय. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट मोटरपर्यंत जातच नाही. यासाठी अवजार लागत नाही, म्हणून रस्त्यात हीच पहिली करा.

पायरी ३: बॅटरी आणि टर्मिनल

गाडी रात्रभर उभी असताना मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग सेल्फ मारताना मोजा. आकडा ९.६ च्या खाली घसरला तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, आणि चार्ज करूनही घसरत असेल तर बॅटरी दुकानात लोड टेस्टला द्या.

टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने हललं तर ते ढिलं आहे. पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. क्रम महत्त्वाचा आहे: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने शिशाचा चकचकीत थर दिसेपर्यंत घासा, कोरडं करा आणि आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह आवळा. वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे काम मी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करतो.

सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी गाडी असेल तर तिला कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी लागते. साधी घातली तर ती लवकर बसते.

पायरी ४: केबल आणि अर्थ

गॅरेजमध्ये ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि माझे पैसे नेमके इथेच वाया गेले.

केबलमध्ये दोष आहे का हे उभ्या गाडीत कळत नाही. कुजलेला साकव रिकामा असताना भक्कमच दिसतो. वजन पडलं की खरं कळतं. तसंच दहातले आठ तार तुटलेली केबल मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असतानाच. इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा आणि मीटरच्या वायरी गरम सायलेन्सरपासून लांब ठेवा.

मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावर) आणि काळं टोक सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टवर टेकवा. सेल्फ मारा. ०.५ व्होल्टपेक्षा कमी आलं तर पॉझिटिव्हची बाजू ठीक. आता काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल टोक सेल्फच्या उघड्या धातूच्या अंगावर. इथे ०.३ च्या आत हवं.

माझ्या मीटरने दुसऱ्या मोजणीत ४ व्होल्टच्या वर आकडा दाखवला. म्हणजे बॅटरीतला एक तृतीयांश जोर अर्थमध्येच मरत होता. गिअरबॉक्सला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी बाहेरून काळपट पण शाबूत होती. बोल्ट काढला तर वॉशरखाली हिरवी भुकटी निघाली. नवा सेल्फ बसवताना तिला धक्का लागला असावा, म्हणून ते आठ दिवस बरे गेले. पट्टी बदलली, बॉडीवरचा रंग खरवडून बोल्ट आवळला, आणि त्यानंतर 'टक्' ऐकलेलं नाही.

पट्टी काढून बघायची नसेल तर एक झटपट युक्ती आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. लगेच सेल्फ जोरात उचलला तर दोष अर्थचाच.

पायरी ५: बारीक वायर

सोलेनॉइडवर जाड बोल्टाशेजारी एक बारीक वायर येते. मदतनीस चावी फिरवत असताना ती आणि बॅटरीचा निगेटिव्ह यात मोजा. १० च्या वर व्होल्ट आले पाहिजेत. येत नसतील तर दोष मागे आहे: फ्यूज, स्टार्टर रिले, क्लच स्विच किंवा इग्निशन स्विच. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुतेकदा हॉर्नचा, असतो. दोघांची अदलाबदल करून बघा.

बारीक वायरीत व्होल्टेज येतंय, जाड केबल आणि अर्थ ठीक आहेत, बॅटरी भरलेली आहे आणि तरी मोटर हलत नाही, तेव्हाच सेल्फ गेला म्हणायचं.

काहीजण स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवतात. गाडी चुकून गिअरमध्ये असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते. हे करू नका.

रस्त्यात अडकलात तर

एकच 'टक्' येत असेल तर मदतनीस चावी धरून असताना सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलके ठोके द्या. झिजलेले कार्बन क्षणभर टेकतात आणि गाडी घरापर्यंत येते. हातोडा नको, कारण बऱ्याच नव्या सेल्फमध्ये आत चुंबक चिकटवलेले असतात आणि ते तडकतात. पिनियन अडकला असेल तर चावी बंद करून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून सपाट जागी पुढे-मागे हलवा.

मॅन्युअल गाडीला धक्का स्टार्ट चालतो: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडा. ऑटोमॅटिक आणि एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, स्वतः गिअर बदलणाऱ्या) गाड्यांसाठी हा उपाय नाही.

जंपर केबल लावताना लाल टोक आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळं चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर यातलं काहीही करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तशा पुरात सिलिंडरमध्ये पाणी शिरलेली गाडी सेल्फ मारून चालू करायला जाणं म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकवून घेणं. ती टो करूनच न्यायची.

काढणं आणि दुरुस्ती

सेल्फ वरून दिसत असेल तर काम घरी होतं. खालून काढावा लागत असेल आणि तुमच्याकडे जॅकखेरीज भक्कम स्टँड नसतील तर गॅरेजला द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. निगेटिव्ह टर्मिनल काढा, इंजिन थंड होऊ द्या, जाड केबलचं नट आणि बारीक वायरीचा प्लग सोडवा, वायरींचा फोटो काढून ठेवा, मग गिअरबॉक्सच्या कवचातले दोन-तीन बोल्ट. शेवटचा बोल्ट काढताना एका हाताने सेल्फ तोलून धरा, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो.

सेल्फ काढल्यावर त्या भोकातून रिंगचे दात बघायला विसरू नका. पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू पूर्ण फिरवा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोनच जागी थांबतं, त्यामुळे दातही समोरासमोरच्या त्याच दोन जागी झिजतात.

पूर्ण नवा सेल्फ घेण्याआधी जुना एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. कार्बन, बुश, बेंडिक्स, सोलेनॉइड हे भाग बऱ्याच सेल्फना सुटे मिळतात आणि खर्च नव्याच्या मानाने फार कमी येतो. समोर उघडायला सांगा, काढलेले भाग परत मागा. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळून काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर मात्र डागडुजीत पैसे घालू नका. नवा किंवा रिकंडिशन घेताना सेल्फच्या अंगावरच्या पट्टीवरचा पार्ट नंबर आणि पिनियनचे दात जुन्याशी जुळवा.

बसवल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरी मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. याहून बरेच कमी आले तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करत नाही, आणि चार दिवसांनी नव्या सेल्फमधूनही *टक-टक-टक* ऐकू येईल.