गर्भारपणातली औषधं आणि वारेची चिप: या कामात येणाऱ्यांसाठी

औषधांच्या चाचण्यांमधून गर्भवतींना बहुतेक वेळा वगळलं जातं. त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण अपस्माराची किंवा दम्याची औषधं आधीपासून चालू असलेल्या बाईला दिवस गेले, की तिला काय सांगायचं याची पक्की माहिती डॉक्टरांकडे फार कमी असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण उंदराच्या वारेची (प्लॅसेंटाची) घडण माणसाच्या वारेपेक्षा बरीच वेगळी आहे. मला या कामात खेचून आणलं ते या पोकळीनं.

वारेची चिप म्हणजे प्रयोगशाळेत वारेची नक्कल करणारा एक छोटा पारदर्शक तुकडा. आत दोन बारीक वाहिन्या आणि त्यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा. पडद्याच्या एका बाजूला वारेच्या बाहेरच्या थराच्या, म्हणजे ट्रोफोब्लास्ट पेशी, दुसऱ्या बाजूला बाळाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी. एका वाहिनीत आईच्या बाजूचं मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, वाहतं, दुसरीत बाळाच्या. आईकडून औषध सोडायचं आणि पलीकडे किती पोचलं ते मोजायचं.

इथे नवीन विद्यार्थ्यांची एक गल्लत होते. औषध वार ओलांडतं का, हा एक प्रश्न. त्याने बाळाला इजा होते का, हा दुसरा. थॅलिडोमाइड हे गर्भवतीही घेत असलेलं झोपेचं औषध १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीला आलं, १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. वारेची चिप ते पलीकडे जातं एवढं दाखवेल. हातपाय घडण्याच्या त्या सुरुवातीच्या आठवड्यांत काय बिघडलं, हे ती सांगणार नाही. त्यातून पूर्ण दिवस भरलेल्या वारेच्या पेशी वापरल्या असतील, तर उत्तर शेवटच्या महिन्यांपुरतंच. आपला प्रश्न कोणत्या महिन्याचा आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पेशींची निवड त्यावरूनच ठरते. बेवो पेशी सहज वाढतात म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात, पण त्या मुळात कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या आहेत. खऱ्या वारेत ट्रोफोब्लास्ट एकमेकींत विरघळून सलग थर बनवतात. बेवोमध्ये तसं घडवायला फोरस्कोलिन हे रसायन घालावं लागतं. ते घातलं म्हणजे काम झालं असं धरू नका. पेशींमधल्या सीमा पुसल्या गेल्या का ते मायक्रोस्कोपखाली बघा, एचसीजी हे वारेचं हार्मोन वाढलं का ते मोजा.

सुरुवातीचे महिने बुडबुड्यांशी झगडण्यात जातात. फ्रिजमधलं मीडियम तसंच चिपला जोडलं की इन्क्युबेटरच्या उबेत त्यात विरघळलेला वायू सुटतो. नळीतून एक चकचकीत गोल सरकत येतो आणि वाहिनीतून जाताना पेशी खरवडून नेतो. खाली उरतो पेशींविना उघडा पट्टा, आणि औषध तिथून सरळ पलीकडे जातं. म्हणून मीडियम आधी इन्क्युबेटरमध्ये ठेवा, आणि औषध सोडण्याआधी प्रत्येक चिपमधून चमकणारा रंग सोडून गळती तपासा.

याहून फसवी अडचण चिपच्या मटेरियलची. चिप ज्याची बनते ते पीडीएमएस नावाचं सिलिकॉन, तेलात विरघळणारी औषधं शोषून घेतं. पलीकडे औषध कमी आलं, म्हणजे वारेने अडवलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते भिंतीत मुरलेलं असतं. पेशी न घातलेल्या चिपमधून तेच औषध चालवा, दोन्ही बाजूंची बेरीज सोडलेल्या मात्रेशी जुळवा. हा हिशेब नसलेला निकाल मी तरी मानत नाही.

पहिलं औषध असं घ्या, ज्याचं माणसातलं वागणं माहीत आहे. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हेपारिन वार ओलांडत नाही, कॅफिन सहज ओलांडतं. तुमच्या चिपला हा फरक दिसलाच पाहिजे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये ग्लायब्युराइड हे मधुमेहाचं औषध घेऊन असंच केलं. हे औषध वारेतला बीसीआरपी हा पंप आईकडे परत ढकलतो, आणि तो पंप चिपवरही काम करताना दिसला.

मात्रा मात्र पुस्तकातून उचलू नका. गर्भारपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, मूत्रपिंडं जास्त गाळतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतं. अपस्मारावरच्या लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी तर इतकी घसरते की अनेकींना डोस वाढवावा लागतो. म्हणून गर्भवतींच्या रक्तात मोजलेली पातळी शोधा, आणि त्यातला प्रथिनांना न चिकटलेला भाग चिपमध्ये सोडा. यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाशी आणि औषधशास्त्रातल्या माणसाशी पहिल्या महिन्यातच बसून बोला.

दान मिळालेल्या वारेवर काम करणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी लवकर मागा. संमती कळा सुरू होण्याआधी, शांतपणे घेतलेली असावी. आणि प्रत्येक वारेसोबत गर्भाचे आठवडे, बाळाचं लिंग, आईची चालू औषधं नोंदवून ठेवा. दोन वारांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी हीच नोंद उघडावी लागते.