झाडाला रोग झालाय? औषध आणण्याआधी या चुका टाळा

"पान पिवळं पडलंय, कुठलं औषध मारू?" यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो. कुठलं पान, खालचं की शेंड्याचं? निम्म्या लोकांनी तेवढंही पाहिलेलं नसतं. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत असेल, नाहीतर पानाचं वय झालं असेल. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय. बुरशीनाशकाचा इथे काडीचा संबंध नाही.

पण माझं खरं भांडण आहे ते 'मान टाकली की पाणी घाला' याच्याशी. मीही हेच केलंय. आठ वर्षांची जास्वंद होती. एका पावसाळ्यात दुपारी पानं लोंबायला लागली, मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी लोंबली, आणखी घातलं. आठवडाभर हा उद्योग चालला. शेवटी कुंडी उपडी केली तर कुबट वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. मूळकुज! मुळं सडली की पाणी ओढणार कोण? झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मेलं, आणि पाणी घालणारा मीच.

तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत घातल्याशिवाय मी झारीला हात लावत नाही. माती ओली आणि तरी झाड मलूल, तर पाणी बंद, कुंडीचं भोक तुंबलंय का ते बघायचं. ओलावा मोजायचे यंत्र वगैरे मिळतात म्हणे. बोट फुकट आहे.

पांढरं दिसलं की सरसकट 'बुरशी' म्हणू नका. बोटानं पुसून बघा. पिठासारखं पुसलं गेलं तर भुरी, म्हणजे खरंच बुरशी. पेरांत कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत. पानावर काजळी धरली असेल तर वर बघा, मावा नाहीतर खवले कीड चिकट गोड पाणी सांडत बसलेली असते. काजळी त्यावरच वाढते.

मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळणं, हा घाईवाल्यांचा लाडका विषय. पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर आधी फुलकिडे शोधा, खाली वळल्या तर कोळी नावाची बारीक कीड. पान उलटं करून भिंगानं बघा, नाहीतर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले की उत्तर मिळालं. पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल तर मात्र त्यावर औषध नाही, रोप उपटा. इथे लोक महिनाभर जीव लावून बसतात आणि शेजारची चार रोपं घालवतात.

टोमॅटोचं बूड काळं पडणं हा रोगच नाही. पाणी कधी भरपूर, कधी शून्य, त्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही.

आणि तीन औषधं एकत्र कालवून भर उन्हात फवारणारे! दुसऱ्या दिवशी पानं करपली की हेच विचारतात, "हा कुठला नवा रोग?"